रंग उडाला, मुदत संपली, गाळ साचला

पेण आणि रोह्याच्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. कुणाला धाटावच्या एमआयडीसीत मुलाखतीला जायचं असतं, कुणाचा हमरापूर-जोह्याकडे गणपतीचा कारखाना असतो आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला मेल लिहायची असते. जुन्याचं नवं करण्यासाठी इंग्रजीत क्रियापदं भरपूर आहेत आणि मुलं त्यातलं हाताला येईल ते वापरतात. शिकवता शिकवता जे कळत गेलं, ते लिहितो.

१. आधी बिघडलंय काय ते बघा

रोहा-दिवा गाडीचा पास 'रिन्यू' होतो. पासाचं काही बिघडलेलं नसतं, फक्त तारीख उलटलेली असते. त्याच गाडीतून उतरून तोंडावर पाणी मारलं, कटिंग घेतला, की माणूस 'रिफ्रेश' होतो. एकात मुदत संपलेली असते, दुसऱ्यात तरतरी गेलेली असते. शब्दकोशात दोन्हींचे अर्थ जवळजवळचे दिसतात म्हणून एकमेकांच्या जागी चालतील असं नाही.

२. 'टच अप' आणि 'रिपेंट' यांत पैशांचा फरक आहे

टेम्पोत चढवताना मूर्तीच्या कानाचा टवका उडतो. कारागीर तो खळगा भरतो, वाळू देतो, पॉलिश पेपर मारतो आणि शेजारच्या रंगाशी जुळेल असा रंग कालवून बारीक ब्रशने तेवढीच जागा झाकतो. लांबूनच नाही, हातभर अंतरावरूनही जोड दिसता कामा नये. हे 'टच अप'. गेल्या वर्षीची शिल्लक मूर्ती घेऊन धूळ काढायची, पुन्हा पांढरा मारायचा, मग अंगाचा रंग, सोनेरी, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, हे 'रिपेंट'. नुसता टवका बुजवला असताना मेलमध्ये 'रिपेंटेड' लिहिलंत तर गिऱ्हाईक समजणार की जुना माल नवा करून पाठवला, आणि तो भाव पाडून मागणार. एवढी मेहनत केलेल्या माणसाचा माल एका शब्दापायी पडेल भावात जावा, हे मला सहन होत नाही. म्हणून हा धडा मी कारखान्यात उभं राहूनच शिकवतो.

३. गडावर 'रिनोव्हेट' नको

रोह्याजवळच्या अवचितगडावर पाण्याची टाकी आहेत, बारा कोनांचा एक तलाव आहे. असल्या तलावातला गाळ उपसला, तटातली झुडपं काढली, ढासळलेला चिरा सापडला आणि तो होता तिथे बसवला, तर तलाव 'रिस्टोर' केला म्हणावं. वर सिमेंट थापलं, टाइल लावल्या, तर तो 'रिनोव्हेट' झाला. घराचं स्वयंपाकघर खुशाल 'रिनोव्हेट' करा, त्यात नव्याला जागा आहे. गडावर नव्याला जागा नाही. अहवाल किंवा फलक लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे आवर्जून सांगतो, कारण नाव चुकीचं दिलं की पुढचं कामही त्या नावासारखंच होतं.

४. जिवंत आहे त्याला 'रिव्हाइव्ह' करू नका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानंतर शाडूच्या मातीविषयी अधिक बोललं जाऊ लागलं. मुलं निबंधात सर्रास लिहितात, शाडूची कला 'रिव्हाइव्ह' झाली. 'रिव्हाइव्ह' म्हणजे मरणाच्या दारातून परत आणणं. पेणमध्ये शाडूचं काम थांबलेलं नव्हतं, पीओपीच्या ढिगाआड ते चालूच होतं. मागणी वाढली म्हणा, मान मिळाला म्हणा. पण त्या हातांना मेलेलं म्हणू नका.

५. 'रिव्हॅम्प' हा चांभाराच्या हातातला शब्द

'व्हॅम्प' म्हणजे बुटाचा वरचा, पुढचा भाग. तो फाटला की नवा लावायचा, तळ तोच. कंपन्या आज वेबसाइट 'रिव्हॅम्प' करतात, तेव्हाही तळ तोच, वरचं रूप नवं. मुलाखतीत विचारलं तर हे सांगा, लक्षात राहाल.

६. काळ सांभाळा

हे खाडीकाठच्या खारेपाटातल्या मुलांसाठी. उधाणाने बांधाला खांड पडते, खारं पाणी भातशेतीत शिरतं. खांड बुजवली, उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) दुरुस्त केली, म्हणजे बांध 'रिपेअर' झाला, आणि इथे भूतकाळ चालतो. जमिनीचं तसं नाही. मातीत मुरलेलं मीठ पावसाने धुऊन जायला हंगाम जावे लागतात, आणि तोवर भाताची रोपं जळतात. त्यामुळे जमीन 'रिस्टोर्ड' असं लिहायचं नाही, 'इज बीइंग रिस्टोर्ड' लिहायचं. कंपनीच्या मदतनिधीसाठी किंवा संस्थेकडे इंग्रजीत अर्ज करताना तर हे फार जपा. जमीन पूर्ववत झाली असं तुम्हीच लिहून दिलंत, तर पुढच्या वर्षीच्या नुकसानीचं मागायला तोंड राहत नाही. बांधाचं वाक्य वेगळं लिहा, जमिनीचं वेगळं, आणि दोन्हींखाली तारीख टाका.