चीवर ते वाकळ : सुईदोऱ्याचा एक धडा

मराठवाड्यातील गरीब घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हिवाळा वाकळीवर काढला. जुने लुगडे, विरलेले धोतर, तोकडे झालेले सदरे एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून धावदोरा घालीत मध्यापर्यंत यायचे, एवढीच तिची कृती. मी वसतिगृहात शिकावयास निघालो तेव्हा आईने अशीच एक वाकळ पेटीवर बांधून दिली होती. इतर मुलांच्या विकतच्या चादरी पाहून मी ती दिवसा पेटीमागे लपवीत असे. पुढे इतिहासाचा अभ्यास करताना त्या लाजेचे मूळ उमगले आणि तिच्यावरचा उताराही सापडला.

चिंधी एक, अर्थ दोन

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. तथागतांच्या संघातील भिक्खूही उकिरड्यावर व स्मशानात टाकलेली वस्त्रे गोळा करीत. त्यांपासून शिवलेल्या चीवरास पांसुकूल म्हणत. चिंधी तीच. परंतु एकीकडे ती जन्मावरून लादलेली होती. दुसरीकडे ती स्वेच्छेने उचललेली, धुतलेली आणि स्वतःच्या हाताने शिवलेली होती. शाक्यकुळातील आनंद आणि न्हावी कुळातील उपाली यांच्या अंगावर सारखेच चीवर असे.

महावग्गात एक प्रसंग आहे. दक्षिणागिरीकडे जाताना मगधातील बांधांनी आखलेली शेते बुद्धांनी पाहिली व अशा रचनेचे चीवर करता येईल काय, असे आनंदांना विचारले. आनंदांनी ते करून दाखविले आणि बुद्धांनी त्यांच्या कौशल्याची प्रशंसा केली. आजही भिक्खूंच्या चीवरावर त्या शेतांचे बांध दिसतात.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राहणीविषयी उपदेश केला. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असले पाहिजे. आणि काय ल्यावे-नेसावे यावर कोणी बंधन घालू शकत नाही, हा त्याचा आशय होता. ठिगळात कमीपणा नाही. दुसऱ्याने ठरवून दिलेल्या वस्त्रात तो आहे.

नवशिक्याच्या अडचणी

शिवणकाम बायकांचे, असे म्हणणाऱ्या पालकांनी चुल्लवग्ग अवश्य पाहावा. तेथे शिवणारे पुरुष आहेत आणि बरेचसे नवशिके आहेत. सुया गंजू लागल्या, तेव्हा त्या ठेवण्यास नळी आली. तरीही गंजल्या, तेव्हा नळीत सातूचे पीठ भरण्याची अनुमती मिळाली. बोटांना सुई टोचू लागली, तेव्हा अंगुस्तान आले. मात्र सोन्याचांदीचे नको, हाडाशिंगाचे चालेल. टाक्यांतील अंतर कमीजास्त होऊ लागले, तेव्हा खुणा करण्याची सोय झाली. शिवण वाकडी जाऊ लागली, तेव्हा ‘मोघसुत्तक’ म्हणजे आपला कच्चा दोरा आला. कापड ताणून बांधण्याच्या चौकटीस ‘कठिन’ म्हणत. वर्षावासानंतर आपण जे कठिन चीवरदान करतो, त्यातील शब्द हाच.

नव्याने शिकणाऱ्यास आजही याहून वेगळा मार्ग नाही. आरंभ उशीच्या अभ्र्याने करावा. कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे पुढे आटून माप चुकत नाही. खडूने खुणा कराव्यात, कच्चा दोरा घालावा, मग बारीक टाके घालावेत व शेवटी कच्चा दोरा ओढून काढावा. वाकळीसाठी चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणावे, नाहीतर आतील थर गोळा होतात. वाकडा टाका उसवून पुन्हा घालण्यात कमीपणा मानू नये.

वस्त्राचा शेवट

कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातून आनंदांना पाचशे वस्त्रे मिळाली. इतक्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू, असे आनंद म्हणाले. जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची बैठकीची अंथरणे, अंथरणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडपुशीची फडकी. आणि फडकी जीर्ण झाली की कुटून चिखलात कालवू व जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. हा हिशेब वाचताना मला माझी आईच बोलत असल्यासारखे वाटले. तिने विनयपिटक वाचले नव्हते. लुगड्याचा धागा वाया जाऊ द्यायचा नाही, एवढे तिला ठाऊक होते.

ती वाकळ आजही मुदखेडच्या माझ्या घरी आहे. पन्नाशी उलटल्यावर तिचा उसवलेला कोपरा मी स्वतः शिवला. आईचे टाके सरळ आहेत, माझे वाकडे. पण आता ती पेटीमागे नसते, पाहुण्यांना अंथरून देतो.

पालकांना एकच विनंती आहे. वसतिगृहात पाठविताना मुलाच्या पेटीत वह्या-पुस्तकांबरोबर सुई, दोरा व चार बटणे ठेवा आणि ती वापरण्यास शिकवा. भिक्खूच्या आठ परिष्कारांत भिक्षापात्राबरोबर सुईही गणली जाते, हे त्याला अवश्य सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!