बळाची तुलना कशी करावी ? – मगर, कोमोडो घोरपड व अजगर
(इयत्ता सहावी व सातवी : सामान्य विज्ञान)

उद्देश.– मोठ्या मांसाहारी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शारीरिक क्षमतांची तुलना करण्यास शिकविणे व त्या ज्ञानाचा नदीकाठच्या व्यवहारात उपयोग करून देणे.

प्रस्तावना.– “मगर बलवान की अजगर ?” हा प्रश्न वर्गात हटकून निघतो. शिक्षकांनी तो हसण्यावारी नेऊ नये, तसेच एका शब्दात उत्तर देऊन मोकळेही होऊ नये. बळ ही एकच वस्तू नव्हे. कोणते काम, कोठे व किती वेळ, हे ठरविल्यावाचून केलेली तुलना म्हणजे मापाशिवाय केलेली धान्याची मोजणी होय.

विषयविवेचन.– (१) मगर : हिचे बळ जबड्यात. खाऱ्या पाण्यातील एका मोठ्या मगरीच्या चाव्याचे बळ सुमारे १६,४०० न्यूटन भरल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे शंभर किलोंच्या सोळा-सतरा पोत्यांचा भार. परंतु जबडा उघडणारे स्नायू इतके दुबळे असतात की मिटलेला जबडा दोरीने बांधून ठेवता येतो. विद्यार्थ्यांनी गालावर हात ठेवून दात आवळावेत. घट्ट होणारा स्नायू हातास लागेल. तोंड उघडताना तसे होत नाही. यावरून दोन कामांचे स्नायू निराळे, हे त्यांस सहज पटेल.

(२) कोमोडो घोरपड : ही इंडोनेशियातील कोमोडो, रिंचा, फ्लोरेस आदी बेटांवर आढळते. आपल्या घोरपडीचीच ही नातलग. पण लांबी सुमारे तीन मीटरपर्यंत. हिचा चावा मगरीच्या मानाने कमजोर. तथापि दात करवतीसारखे असून, जबड्यात विषग्रंथी असल्याचे २००९ साली दाखविण्यात आले. त्या विषाने रक्त गोठत नाही व रक्तदाब उतरतो. अर्थात येथे दाबापेक्षा धार श्रेष्ठ.

(३) अजगर : याचे बळ विळख्यात. भक्ष्य गुदमरून मरते, असा पूर्वीचा समज होता. परंतु विळखा घालणाऱ्या बोआ सापावरील २०१५ च्या प्रयोगांत, भक्ष्याचे रक्ताभिसरण काही सेकंदांतच खंडित होते, असे दिसून आले.

(४) दम : हे तिन्ही प्राणी अंगातील उष्णता बहुतांशी बाहेरून मिळवितात. म्हणून त्यांचा जोर क्षणात प्रकट होतो व ते लवकर थकतात. मात्र याच कारणाने थोड्या अन्नावर ते दीर्घकाळ राहू शकतात.

फलकलेखन.– फळ्यावर चार रकाने आखावेत : प्राणी, मुख्य साधन, कार्यक्षेत्र, उणीव. रकाने विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावेत. “सर्वांत बलवान कोण ?” हा रकाना मुद्दाम ठेवू नये, तो का नाही, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे.

व्यवहारोपयोग.– सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी मगरींचा वावर असून तेथे माणसांवर हल्लेही झाले आहेत. वाळूवर निश्चल पडलेली मगर पाहून मुलांस ती आळशी वाटते. वास्तविक ती ऊन घेत असते. तिचा दम थोडा असला, तरी पाण्यातून काठावर झेप घेण्यास तो पुरेसा असतो. एका चुकीच्या तुलनेची किंमत येथे मुलाच्या जिवाने मोजावी लागेल, हे शिक्षकांनी विसरू नये. एकट्याने पाण्यात उतरू नये. पहाटे व तिन्हीसांजेस काठावर रेंगाळू नये. मगरीस दगड मारू नये. अंड्यांची राखण करणाऱ्या मादीच्या जवळ जाऊ नये, हे नियम मुलांकडून कारणांसह वदवून घ्यावेत. मगर कायद्याने संरक्षित आहे, हेही सांगावे. भीतीपोटी तिला मारणे हा उपाय नव्हे. तिची रीत जाणून अंतर राखणे हाच उपाय होय.

स्वाध्याय.– (१) मगरीचा जबडा बांधता येतो, मग चावा इतका जबर का ? (२) बैल, घोडा व कुत्रा यांच्या क्षमतांचा असाच तक्ता करा. (३) आपल्या गावच्या पाणवठ्यावर कोणती काळजी घ्यावी, ते पाच वाक्यांत लिहा.