छायाचित्रांसाठीं घरचा संगणक

छायाचित्रें सुधारण्यासाठीं संगणक घ्यावयाचा झाला म्हणजे प्रथम प्रोसेसरचा विचार होतो, आणि पुष्कळदां सारा पैसा त्यांतच खर्ची पडतो. आमच्या कोन गांवच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं थोडा हिशेब करावा, एवढ्याचकरितां हा लेख.

६००० गुणिलें ४०००, म्हणजे २ कोटि ४० लक्ष बिंदूंचें एक चित्र घेऊं. प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा असे तीन रंग; सूक्ष्म संपादनांत प्रत्येक रंगास २ बाइट. गुणाकार केला असतां १४४ मेगाबाइट होतात. असे दहा थर एकावर एक चढविले, तर एकट्या चित्रासच सुमारें दीड गिगाबाइट रॅम लागते.

आतां भिवंडीच्या यंत्रमागांचा दाखला घेऊं. प्रोसेसरमधील प्रत्येक कोर हा एक माग होय; मागाजवळ ठेविलेलें सूत ही रॅम, आणि डिस्क हें गोदाम. माग पुष्कळ असले, पण जवळचें सूत संपून घडोघडी गोदामाकडे धांवावें लागलें, तर माग उभेच राहतात. शिवाय चित्रावर ब्रश फिरवितांना बहुधा एकदोन कोरांवरच भार पडतो. शेंकडों चित्रें एकदम तयार करितांना मात्र बहुतेक सारे कोर राबतात. सबब हौसेच्या कामास मध्यम प्रतीचा, सहा कोरांचा प्रोसेसर पुरे. त्याबरोबर १६ गिगाबाइट रॅम व ५१२ गिगाबाइटची एसएसडी असावी. कित्येक लॅपटॉपांत रॅम मागाहून वाढवितां येत नाहीं. हें आधींच विचारून घ्यावें.

उरलेला पैसा चांगल्या आयपीएस पडद्यावर खर्चावा. पडदाच खोटे रंग दाखवूं लागला, तर केलेली सुधारणा हाच दोष ठरतो. संपादनाचा कार्यक्रम विकतच घेतला पाहिजे असें नाहीं; १९९६ सालापासून लोकांस उपलब्ध असलेला ‘गिम्प’ मोफत मिळतो.

शेवटीं एक गोष्ट पालकांस आग्रहानें सांगतों. २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण आमच्या उल्हासकांठास आहे. पाण्यापुढें कागदी छायाचित्र व संगणक दोन्ही सारखेच. याकरितां निराळ्या डिस्कवर सर्व चित्रांची प्रत काढून ती उंचावर राहणाऱ्या आप्ताच्या घरीं ठेवावी. संगणक पुन्हां विकत मिळेल. आजीचा मुखडा टिपलेलें चित्र कोणत्याहि दुकानांत मिळावयाचें नाहीं.