पडद्यावरचे खेळ आणि वहीचा समास

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी शिवथर वसले आहे. येथील घळीत समर्थ रामदासांनी 'दासबोध' सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. या ग्रंथाच्या २० दशकांपैकी एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास 'लेखनक्रियानिरूपण' हा आहे. अक्षर कसे असावे, बोरू व शाई कशी असावी, हे सांगतानाच पानाच्या भोवती जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला बाध येणार नाही, असा व्यवहारी उपदेश त्यात केला आहे. विद्यार्थ्यांचे काम आता संगणकाच्या पडद्यावर येऊ लागले आहे. अशा वेळी हा जुना उपदेश पुन्हा ध्यानात घेण्यासारखा आहे.

खेळ रचणारी यंत्रणा

पडद्यावरील खेळात चित्र हलवणे, आवाज काढणे, दोन वस्तूंची टक्कर ओळखणे, गुण मोजणे ही कामे वारंवार करावी लागतात. ती करणारी तयार यंत्रणा म्हणजे 'गेम इंजिन'. ही यंत्रणा संगणकावर वेगळी बसवावी न लागता इंटरनेटवरून ब्राउझरमध्येच चालली, तर तिला वेबवर आधारित यंत्रणा म्हणता येईल. शाळांच्या दृष्टीने 'स्क्रॅच' हे तिचे जवळचे उदाहरण होय. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या मार्गदर्शनाखाली ते तयार झाले व २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. २०१३ पासून ते ब्राउझरमध्ये चालू लागले. मुख्यतः ८ ते १६ वर्षे वयाच्या मुलांसाठी ते योजलेले असून विनामूल्य आहे.

बलस्थाने

येथे आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की पात्र चालू लागते. समजा, शिवथर खोऱ्यातील सातवीच्या वर्गाने पावसाळ्याचा खेळ रचला. 'पाऊस' नावाचा एक चल घेतला. जर त्याचे मूल्य ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, तर पात्राने उताराखालचे घर सोडून सुरक्षित जागी जावे, अशी अट घातली. दि. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. त्यामुळे 'जर-तर' ही रचना येथील मुलांना केवळ गणिताची राहत नाही. पात्रांचे संवाद देवनागरीत लिहिता येतात. दुसऱ्याने प्रसिद्ध केलेला खेळ आतून कसा बांधला आहे, हे उघडून पाहता येते व त्यावरून आपला नवा खेळ करता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर संगणकीय आज्ञावलीचे उपक्रम सुचविले आहेत. त्यांची सुरुवात अशा साधनाने सुलभ होते.

अडचणी

ब्राउझरवरील यंत्रणेचा जीव मात्र जोडणीत असतो. अतिवृष्टीत डोंगरी भागात वीज जाते, दूरध्वनीची सेवा तुटते आणि तास तेथेच थांबतो. एकाच जोडणीवर अनेक संगणक लावल्यास काम मंदावते. खाते न उघडता काम करणाऱ्या विद्यार्थ्याने चुकून ब्राउझर बंद केला, तर न साठवलेला खेळ गेलाच म्हणून समजावे. भाषांतराचे व मजकूर वाचून दाखविण्याचे ठोकळे इंटरनेटवाचून चालत नाहीत. शिवाय ठोकळ्यांची सोय हीच पुढे मर्यादा ठरते. खेळ मोठा झाला की ठोकळ्यांची गर्दी होऊन चूक शोधणे जिकिरीचे होते.

याहून गंभीर प्रश्न टिकाऊपणाचा आहे. ब्राउझरमधील असंख्य खेळ एके काळी 'फ्लॅश' या तंत्रावर चालत असत. त्याच्या निर्मात्यांनी दि. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला दिलेले पाठबळ संपविले व ब्राउझरांनीही ते काढून टाकले. परिणामी जगभरातील कितीतरी खेळ जागच्या जागी मुके झाले. स्क्रॅचची दुसरी आवृत्तीही फ्लॅशवरच उभी होती. जानेवारी २०१९ मध्ये नव्या तंत्रावर बेतलेली तिसरी आवृत्ती वेळीच आली, म्हणून मुलांचे बहुतांश काम वाचले. वापरणाऱ्याचा काहीही दोष नसताना पायाखालची जमीन सरकू शकते, हा यातील धडा होय.

उपाययोजना

म्हणून साधन टाकून द्यावे, असे नाही. त्याला समास सोडावा. स्क्रॅचची जोडणीविना चालणारी आवृत्तीही विनामूल्य मिळते. ती एकदा उतरवून घेतल्यास पेन ड्राइव्हने शाळेतील सर्व संगणकांवर बसवता येते. प्रत्येक तासाच्या अखेरीस विद्यार्थ्याने आपला खेळ संगणकावर उतरवून घ्यावा. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी सर्व खेळांची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. खेळाची कथा, पात्रे व अटी आधी वहीत लिहून घ्याव्यात. वीज नसेल त्या दिवशी तासाचे काम त्या वहीवरच चालू शकते.

ग्रामपंचायतींनाही येथे कार्य आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ मध्ये मान्यता दिली. तीच पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचा मूळ उद्देश ग्रामपंचायतीपर्यंत जोडणी नेण्याचा आहे. तेथून शाळेपर्यंतचे अंतर मात्र स्थानिक पुढाकारानेच कापले जाऊ शकते. संगणकखरेदीचा विचार करताना विजेचा पर्यायी पुरवठा व साठवणुकीची साधने यांचाही त्यात अंतर्भाव व्हावा.

आपण रचलेला खेळ पुढच्या वर्षी उघडला व तो तसाच चालला, तर मुलाचा स्वतःच्या बुद्धीवर विश्वास बसतो. तो नाहीसा झाला, तर उत्साहही त्याबरोबर जातो. घळीशेजारचा धबधबा दर पावसाळ्यात गर्जत राहील आणि जोडणीही अधूनमधून तुटत राहील. कडा झडल्या तरी अक्षर राहावे, एवढी तजवीज मात्र शाळेला सहज करता येण्यासारखी आहे.