व्यापारापासून बेकारीपर्यंत
(अर्थशास्त्राचा एक प्राथमिक पाठ)

‘अर्थशास्त्र’ हें नांव ऐकतांच पुष्कळांस असें वाटतें कीं, हें पेढीवाल्यांचें आणि सरकारी अंमलदारांचें शास्त्र आहे. आपला त्याशीं काय संबंध? परंतु तुमच्या अंगांत जो सदरा आहे, त्याचाच विचार करा. कापूस एकानें पिकविला, त्यांतील सरकी दुसऱ्यानें काढली, सूत तिसऱ्यानें कातलें, कापड चवथ्यानें विणलें आणि पांचव्यानें तें शिवलें. यांपैकीं बहुतेकांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नसेल. असें असतां हीं सर्व माणसें एकमेकांच्या उपयोगीं कशीं पडतात, आणि कधीं कधीं त्यांतील हजारों माणसांच्या हातचें काम एकाएकीं कां जातें, हे दोन प्रश्न या शास्त्राच्या मुळाशीं आहेत. कापसाच्या धंद्याचा खरा इतिहास पाहून आपण त्यांचीं उत्तरें शोधूं.

१. श्रमविभाग व विनिमय

मनुष्य आपल्या सर्व गरजा एकट्यानें भागवूं लागला तर त्याचा सारा दिवस त्यांतच जाईल आणि एकहि काम नीट होणार नाहीं. म्हणून प्रत्येकजण एकेक काम पत्करतो आणि आपल्या गरजेहून जें अधिक निपजतें तें दुसऱ्यास देऊन त्याच्याकडून आपणांस हवें तें घेतो. यास श्रमविभाग व विनिमय असें म्हणतात. धान्य देऊन मडकें घेणें हा विनिमयच होय. मात्र कुंभारास त्या दिवशीं धान्य नको असेल तर सौदा अडतो. ही अडचण पैशानें दूर होते. पैसा खातां येत नाहीं कीं पांघरतां येत नाहीं. पण तो सर्वांकडे चालतो, हाच त्याचा गुण.

येथें एक शंका येते. जो माणूस दोन्ही कामें दुसऱ्यापेक्षां चांगलीं करतो, त्यानें विनिमय कशाला करावा? एखाद्या गांवच्या वैद्यबोवांचें उदाहरण घ्या. औषध कुटण्यांत त्यांचा हात नोकरापेक्षां जलद चालतो. तरीहि तें काम ते नोकरासच देतात. कारण ते स्वतः खलबत्ता घेऊन बसले तर तितका वेळ रोगी ओटीवर खोळंबतील. एखाद्या कामाची खरी किंमत म्हणजे त्यापायीं सोडावें लागलेलें दुसरें काम होय. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८१७ सालीं हाच नियम राष्ट्रांच्या व्यापारास लावून दाखविला. पोर्तुगाल देश कापड व द्राक्षमद्य या दोन्ही जिनसा इंग्लंडपेक्षां कमी श्रमांत काढूं शकतो असें धरलें, तरीहि एकानें मद्य व दुसऱ्यानें कापड काढून अदलाबदल करण्यांत उभयतांचा लाभ आहे, असें त्यानें गणितानें सिद्ध केलें.

२. मागणी, पुरवठा आणि भाव

आतां भाव कसा ठरतो तें पाहूं. १८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण या दोन भागांमध्यें यादवी युद्ध जुंपलें. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या बहुतांशीं दक्षिणेकडील संस्थानांच्या कापसावर चालत असत. उत्तरेच्या आरमारानें त्या संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि कापूस येईनासा झाला. मागणी होती तशीच राहिली व पुरवठा घटला. अर्थात् भाव भडकला. व्यापाऱ्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश व गुजरात येथील कापूस मुंबई बंदरांतून विलायतेस जाऊं लागला आणि शहरांत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या शेअरांवर लोकांच्या उड्या पडूं लागल्या. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि त्यासरशीं मोठमोठ्या पेढ्यांचें दिवाळें वाजलें. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगींतून उभा राहिला आणि ज्यांच्या मातोश्रींचें नांव त्यास मिळालें, ते शेट प्रेमचंद रायचंद हेहि त्या तडाख्यांतून सुटले नाहींत.

भाव ही एक प्रकारची बातमी आहे. कोणत्या जिनसेची उणीव आहे आणि कोणती अधिक पिकवावी, हें ती सांगते. परंतु ही बातमी आजची असते, उद्यांची नसते. हें विसरून जो कर्ज काढतो तो फसतो.

३. एकाच घटनेचीं दोन फळें

याच चार वर्षांत लँकेशायरमध्यें काय घडलें? मुंबईस सोन्याचा पाऊस पडत असतां तेथें कापसावांचून गिरण्या बंद पडल्या आणि लक्षावधि कामकरी व त्यांचीं मुलेंबाळें दानधर्मावर येऊन पडलीं. हे कामकरी आदल्या वर्षापर्यंत पहांटे उठून कामावर जाणारे होते. त्यांच्या हातांतील कसब गेलें नव्हतें, कीं अंगांत आळस शिरला नव्हता. हजारों मैलांवरील युद्धानें त्यांचा घांस हिरावला होता. अखेर १८६३ सालीं पार्लमेंटनें कायदा करून तेथील नगरसंस्थांना कर्जें दिलीं, आणि रस्ते, गटारें व बागा बांधण्याच्या कामीं या लोकांस लावलें.

जो काम करण्यास समर्थ आहे, ज्यास कामाची इच्छा आहे व जो काम शोधीत आहे, त्यास काम न मिळणें म्हणजे बेकारी. शाळेंत जाणारा मुलगा किंवा अंथरुणास खिळलेला वृद्ध यांस बेकार म्हणत नाहींत. आणि ज्यास काम नकोच आहे, त्यासहि हें नांव देतां येत नाहीं.

४. एकाचा खर्च तें दुसऱ्याचें उत्पन्न

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिली. पुढें लालबाग, परळ या भागांत गिरण्यांचें एक गांवच वसलें. कोंकणांतून व घांटावरून आलेले कामगार तेथें दाटीवाटीनें राहत आणि पगारांतून घरीं मनीऑर्डर पाठवीत. एकट्या राहणाऱ्या कामगारांस जेवूं घालून अनेक बायका खानावळीवर आपला संसार चालवीत.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगारांनीं संप पुकारला. कोणाचें बरोबर व कोणाचें चूक, हा वाद येथें नको. पगार थांबला तेव्हां काय झालें, एवढेंच पाहूं. कामगारानें खानावळीचे पैसे देणें थांबविलें. खानावळवालीनें वाण्याकडील माल कमी केला. वाण्यानें नोकर कमी केला. गांवीं मनीऑर्डर पोंचेना, तेव्हां तेथील कापडवाल्याचीहि विक्री घटली. एकाचा खर्च तेंच दुसऱ्याचें उत्पन्न असतें. म्हणून सांखळीची एक कडी तुटली कीं दूरदूरच्या कड्या निखळतात. पुष्कळ गिरण्या पुढें कायमच्या मिटल्या. जुनीं यंत्रें, भिवंडी व इचलकरंजी येथील यंत्रमागांची स्पर्धा आणि गिरण्यांच्या जागांस आलेलें मोल, हींहि त्याचीं कारणें होतीं.

५. बेकारीचे प्रकार व उपाय

रोगाप्रमाणें बेकारीचेहि प्रकार आहेत. पीक निघाल्यावर शेतमजुरास काम नसतें, ती हंगामी बेकारी. धंद्याचें स्वरूप पालटल्यामुळें जुनें कसब निरुपयोगी ठरतें, ती स्थित्यंतराची बेकारी. तिघांच्या शेतावर पांचजण राबतात, तेव्हां दोघे कामांत दिसूनहि वस्तुतः बेकारच असतात. ही छुपी बेकारी. आणि सर्वच लोक एकदम खर्च आंखडूं लागले कीं मंदीची बेकारी येते. १९२९ सालीं सुरू झालेल्या जागतिक मंदींत, १९३३ पर्यंत, अमेरिकेंतील सुमारें एक चतुर्थांश कामकरी बेकार झाले होते. अशा वेळीं सरकारनेंच खर्च करून मागणी वाढवावी, असें जॉन मेनार्ड केन्स यांनीं १९३६ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें.

महाराष्ट्रानें स्वतःच्या अनुभवांतून असाच एक मार्ग काढला. १९७२ च्या भीषण दुष्काळांत लक्षावधि लोकांनीं पाझर तलाव व रस्ते यांच्या कामांवर राबून पोट भरलें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या कायद्यानें कायमचें स्वरूप दिलें. तिच्या खर्चासाठीं १९७५ पासून नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविण्यांत आला. म्हणजे शहरांतील पगारदाराच्या चार रुपयांतून खेड्यांतील मजुराच्या हातास काम मिळालें.

६. तात्पर्य

सप्टेंबर १९३१ मध्यें महात्मा गांधी लँकेशायरमधील डार्वेन येथें गेले होते. हिंदुस्थानांतील परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ तेथील कामगारांस लागली होती. तरीहि त्यांनीं गांधीजींचें प्रेमानें स्वागत केलें, आणि गांधीजींनीं त्यांचें दुःख ऐकून घेऊन हिंदी खेड्यांतील अधिक मोठ्या बेकारीची गोष्ट त्यांस सांगितली. दोन्हीकडील माणसें कष्टाळू होतीं, दोन्हीकडे हात रिकामे होते.

व्यापारानें एकंदर संपत्ति वाढते हें खरें. परंतु ती सर्वांच्या घरीं सारखी जात नाहीं, आणि एकाच्या लाभाच्या दिवशीं दुसऱ्याची चूल विझूं शकते. म्हणून दारीं काम मागत आलेल्या माणसास ‘आळशी’ म्हणण्यापूर्वीं त्याच्या सांखळीची कोणती कडी तुटली, तें विचारावें. ज्या समाजास व्यापाराचा लाभ होतो, त्यानेंच त्या लाभाचा कांहीं अंश ही कडी पुन्हां सांधण्यास लावावा, हें न्यायाचें आहे.

स्वाध्याय

(१) घरांतील कोणतीहि एक वस्तु घ्या आणि ती किती हातांतून तुमच्यापर्यंत आली, याची यादी वडीलमंडळींच्या मदतीनें करा.
(२) पाऊस न पडल्यास गांवच्या शिंप्याचें उत्पन्न कां घटतें?
(३) तुमच्या भागांतील एखादा बंद पडलेला धंदा कोणता? त्यांतील माणसें पुढें काय करूं लागलीं, हें वृद्ध माणसांस विचारून दहा ओळी लिहा.