दोन सोमवारांच्या मध्ये

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका १७ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेत एचबीओवर सुरू झाली आणि १९ मे २०१९ रोजी संपली. आठ पर्वं, ७३ भाग. पहिला भाग तिथे साधारण २२ लाख लोकांनी पाहिला, शेवटचा १ कोटी ९३ लाखांनी. या आकड्यांत आम्ही नाही. आम्ही म्हणजे ठाणे, सांगली, पुणे, बंगळुरू आणि थेट न्यू जर्सी असा विखुरलेला मराठी फॅन ग्रुप. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माझ्या मावसभावानं मला या ग्रुपमध्ये ओढलं आणि तिथून जगभरच्या मोठ्या समूहांमध्ये माझं जाणं-येणं सुरू झालं. फॅन म्हटलं की रिकामटेकडी पोरं, असा एक समज आपल्याकडे आहे. मला जी माणसं भेटली ती तशी नव्हती. त्यांच्यात राहून जे उमगलं ते लिहिते आहे.

१. एकत्र पाहण्यापेक्षा एकत्र वाट पाहण्यात जास्त गुंतणं असतं

२०१६पासून हॉटस्टारवर भाग अमेरिकेच्या बरोबरीनं दिसू लागला. तिथे रविवारी रात्री नऊ, इथे सोमवारी सकाळी साडेसहा. भाग तासाभराचा. पण आमचं खरं जगणं त्या तासात नव्हतं, पुढच्या सोमवारपर्यंतच्या दिवसांत होतं. आता काय होईल, तो असं का म्हणाला, मागे भिंतीवर कुणाचं चिन्ह होतं, हे सगळं त्या मधल्या दिवसांत घडायचं.

सगळ्यांत मोठी वाट पाहिली ती जॉन स्नो या नायकाची. १४ जून २०१५ रोजी पाचव्या पर्वाच्या शेवटी त्याला त्याच्याच सहकाऱ्यांनी भोसकलं. बर्फावर पसरलेलं रक्त दिसलं आणि पर्व संपलं. निर्माते म्हणत होते, तो मेला. ती भूमिका करणारा किट हॅरिंग्टनही तेच सांगत होता. मग जुलैत तो बेलफास्टमध्ये दिसला. मालिकेचं बरंचसं चित्रीकरण त्याच शहरात व्हायचं, आणि पठ्ठ्यानं जॉनचे लांब केस कापले नव्हते! त्या केसांवर जगभर जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या शिलालेखावर झाली नसेल. बराक ओबामा तेव्हा अध्यक्ष होते. त्यांनीसुद्धा दिग्दर्शक डेव्हिड नटरला गाठून जॉन खरंच मेला का, असं विचारल्याचं नटरनं सांगितलं होतं. १ मे २०१६ला सहाव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात जॉननं श्वास घेतला. मधल्या दहा महिन्यांत आमच्या ग्रुपमधली माणसं एकमेकांना खऱ्या अर्थानं ओळखू लागली. कोण आशावादी, कोण लगेच हात टेकणारा, कोण पुरावा दिल्याशिवाय ऐकणार नाही, हे सगळं त्या वाट पाहण्यातून कळलं. आईच्या आजारपणात मी पहिल्यांदा ज्यांना फोन केला त्यांत या ग्रुपमधले दोघे होते. त्यांना मी तोवर प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं.

हे मराठी वाचकाला नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातून क्रमशः छापली. यमूचं पुढे काय होणार, याची वाट पाहणारी घरं तेव्हाही होती. आता एका रात्रीत अख्खं पर्व उघडून देण्याची रीत आली आहे. मला ती मनापासून नापसंत आहे. आठ तासांत एकट्यानं संपवलेल्या गोष्टीभोवती बोलणं साचत नाही. कुणी तिसऱ्या भागावर, कुणी सातव्यावर. मग सगळेच गप्प राहतात.

२. ज्याला पुढचं माहीत आहे त्याची जबाबदारी मोठी

ही मालिका जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली. पहिलं पुस्तक १९९६चं. त्यामुळे मालिकेच्या फॅनमध्ये सुरुवातीपासून दोन तट: पुस्तकं वाचलेले आणि न वाचलेले. ‘रेड वेडिंग’ म्हणून गाजलेला तो लग्नाच्या जेवणावळीतला संहार पुस्तकात आला २०००मध्ये, पडद्यावर आला २ जून २०१३ला. मधली तेरा वर्षं लाखो वाचकांना ते ठाऊक होतं. मालिका सुरू झाल्यावर त्यांच्या आजूबाजूला त्या संहारात मारल्या जाणाऱ्या रॉब स्टार्कवर जीव लावणारी माणसं वाढत होती, आणि वाचकांतले बहुतेक जण गप्प राहिले. बोलून टाकायला एक वाक्य पुरलं असतं.

मी तिसरं पर्व बाकीच्यांच्या बऱ्याच नंतर, डीव्हीडी आल्यावर पाहिलं. तोवर ग्रुपमधल्या प्रत्येकाला सगळं कळलेलं. तरी त्यांनी माझ्यासाठी त्या भागाची चर्चा वेगळ्या ग्रुपमध्ये नेली आणि आमच्या नेहमीच्या ग्रुपवर चिलखतं, किल्ले, घराण्यांची चिन्हं यांवर बोलत राहिले. सांगलीचे एक निवृत्त काका आहेत, त्यांनी पाचही पुस्तकं वाचलेली. त्यांचा मला एकच निरोप आला: “आज बघणार असशील तर आधी जेवून घे. ताट घेऊन बसू नकोस.” त्याचा अर्थ मला दोन तासांनी कळला. रात्री साडेअकराला मी त्यांना फोन केला आणि त्यांनी तो पहिल्याच रिंगला उचलला. ते जागे राहिले होते.

स्पॉयलर न देणं, म्हणजे पुढचं न फोडणं, हा शिष्टाचार म्हणून सांगतात. माझ्या मते तो त्याहून मोठा आहे. आपण जो धक्का, जो आनंद अनुभवला तो दुसऱ्यालाही जसाच्या तसा मिळावा म्हणून महिनोन् महिने तोंड मिटून राहणं, हे प्रेमाचं काम आहे.

३. अंदाज बांधायचा तर आधार दाखवा

माझ्या पेशामुळे मला हा भाग सगळ्यांत आवडला. जॉनचे आईवडील कोण, याचा अंदाज वाचकांनी १९९०च्या दशकातच मांडला होता, म्हणजे मालिकेच्या कितीतरी आधी. एका स्वप्नातली निळी फुलं, मरताना बहिणीनं भावाकडून घेतलेलं वचन, एका स्पर्धेत राजपुत्रानं कुणाच्या मांडीवर मुकुट ठेवला, असे पुस्तकात विखुरलेले धागे त्यांनी गोळा केले. मालिकेचे निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हक्क मागायला गेले तेव्हा मार्टिननी त्यांना हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांना उत्तर आलं. पडद्यावर ते २६ जून २०१६ला उघड झालं. त्या दिवशी जुन्या वाचकांना केवढा आनंद झाला असेल! वीस वर्षांपूर्वी केवळ शब्दांवरून काढलेला निष्कर्ष खरा ठरला होता.

या समूहांत एक अलिखित नियम होता. थिअरी मांडायची तर कुठलं पुस्तक, कुठलं प्रकरण, कुणाच्या तोंडचं वाक्य, हे द्यायचं. ‘मला वाटतं’ चालायचं नाही. सांगणारं पात्र खोटं बोलत असेल का, हेही तपासायचं. संदर्भ कसा द्यावा हे मी विद्यार्थ्यांना शिकवते आणि तिथे बरीच डोकेफोड होते. इथे अठरा वर्षांची मुलं आपणहून ते करत होती, कारण खोडून काढायला दहा जण टपलेले असत.

या शिस्तीचं उत्तम फळ म्हणजे एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटन्सन हे स्वीडनमध्ये राहणारं जोडपं. मार्टिन यांच्या जगावरचं संकेतस्थळ त्यांनी मालिकेच्या कितीतरी आधी उभारलं. त्यांचा अभ्यास इतका पक्का, की खुद्द मार्टिन तपशील तपासायला गार्सियांना विचारू लागले. २०१४मध्ये ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’ हा त्या जगाचा इतिहास निघाला, त्यावर मार्टिन यांच्याबरोबर या दोघांचीही नावं आहेत.

४. चोरलेला भाग पाहू नये

ऑगस्ट २०१७मध्ये सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रसारणाआधीच फुटला, आणि तो आपल्याकडून फुटला. महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली. आमच्या ग्रुपवर दुवा येऊन पडला तेव्हा ॲडमिननं तो काढून टाकला आणि एवढंच लिहिलं: सोमवारी भेटू. आम्ही थांबलो. त्या भागातली ती ड्रॅगनची झेप मी सगळ्यांबरोबर पाहिली याचं मला आजही बरं वाटतं.

५. मॉडरेटरचे आभार माना

हजारो माणसांच्या समूहात रोज शिव्या, जाहिराती, स्पॉयलर उपसणारी माणसं पगारी नसतात. नोकरी, घर सांभाळून ती हे करतात. भाग संपल्यावर आपण उत्साहात लिहीत सुटतो तेव्हा त्यांनी तो भाग अजून पाहिलेलाही नसतो, कारण ती आपलं लिहिलेलं चाळत बसलेली असतात. त्यांना दोन शब्द लिहा.

६. सगळे एका सुरात बोलू लागले की कोण गप्प आहे ते पाहा

१७ मे २०१५च्या भागात संसा स्टार्कवर तिच्या लग्नाच्या रात्री अत्याचार होतो. पुस्तकात हे दुसऱ्याच मुलीच्या वाट्याला येतं. पडद्यावर शेवटी कॅमेरा संसाला सोडून ते पाहणाऱ्या थिऑनच्या चेहऱ्यावर जातो, म्हणजे तिच्या वेदनेपेक्षा पाहणाऱ्याची वेदना मोठी ठरते. त्या दिवशी ग्रुपवर पुरुषमंडळी कथानकाची गरज, मध्ययुगातलं वास्तव, अत्याचार करणाऱ्या रामसेच्या भूमिकेतला अभिनय यांवर भरभरून लिहीत होती. बायका गप्प होत्या. मग बंगळुरूच्या मुलीनं लिहिलं, की तिनं भाग मध्येच बंद केला आणि ती आता पुढचं पाहणार नाही.

ती चर्चा फार कष्टाची झाली. कुणी दुखावलं गेलं, एक जण ग्रुप सोडून गेला. पण सांगलीच्या काकांनी आधी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, तिला पूर्ण बोलू दे, मग आपण. ती बोलली. मग न्यू जर्सीहून एक जण बोलली, मग मी. मध्ययुगाचं वास्तव दाखवणारे त्यात ड्रॅगनही घालतात, तेव्हा काय दाखवायचं हे ते निवडतच असतात, असं मी लिहिलं आणि आजही माझं तेच मत आहे. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला: अशा दृश्यावर लिहायचं तर आधी सूचना द्यायची, आणि ज्यांनी त्यावर अजून काही लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक दिवस थांबायचं. नियम साधा, पण त्यानं ग्रुप टिकला. ती मुलगी मालिका पुन्हा पाहू लागली नाही, ग्रुपवर मात्र आहे.

७. कुणाला काय भावेल, सांगता येत नाही

डेव्हिड पीटरसन या भाषानिर्मात्यानं मालिकेसाठी दोथराकी आणि हाय व्हॅलिरियन या भाषा व्याकरणासकट घडवल्या. २०१७मध्ये ड्युओलिंगोवर हाय व्हॅलिरियनचा अभ्यासक्रमही आला. माझा मावसभाऊ शाळेत संस्कृतला घाबरायचा. त्यानं विभक्ती शिकल्या त्या व्हॅलिरियनच्या.

८. राग आला तरी माणसं विसरू नका

आठवं पर्व सहाच भागांचं. मालिकेतली राणी डेनेरिस शरण आलेलं शहर जाळते, हे वळण मला चुकीचं वाटत नाही. त्याची बीजं पहिल्या पर्वापासून आहेत. पण तिथवर जाण्याचा रस्ता दाखवायला वेळच दिला नाही, आणि ज्या मालिकेनं माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावी जायला अख्खं पर्व लावलं तिच्याकडून ही घाई सहन होत नाही. मी रागावले होते, अजूनही आहे.

तरी ते पर्व नव्या लेखकांकडून पुन्हा बनवा, अशी जी याचिका निघाली तिच्यावर मी सही केली नाही. १८ लाखांहून अधिक लोकांनी केली. तिसऱ्या भागातल्या लढाईसाठी उत्तर आयर्लंडच्या थंडीत ५५ रात्री चित्रीकरण झालं होतं. लेखन फसलं म्हणून त्या शेकडो लोकांचं काम पुसून टाका म्हणणं मला पटत नाही.

त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. डेनेरिसची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्कनं मार्च २०१९मध्ये जाहीर केलं, की मालिकेत काम करण्याच्या काळात मेंदूच्या दुखण्यामुळे तिच्या जिवावर दोनदा बेतलं होतं. अशा रुग्णांसाठी तिनं ‘सेमयू’ ही संस्था काढली. शेवटावर सगळ्यांत जास्त चिडलेल्या, सगळ्यांत बोचरं लिहिणाऱ्या फॅनसमूहानंच तिच्यासाठी देणग्या गोळा केल्या. तिनं त्यांचे आभारही मानले.

९. पुस्तक लेखकाचं आहे

पाचवं पुस्तक जुलै २०११मध्ये आलं. सहाव्याची वाचक तेव्हापासून वाट पाहत आहेत. मार्टिन यांचा जन्म १९४८चा. त्यांच्या वयाचा हिशेब मांडून त्यांना टोचणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते वाचताना मला फार वाईट वाटतं. हाच माणूस १९६३मध्ये शाळकरी मुलगा असताना ‘फँटॅस्टिक फोर’ या कॉमिकला पत्र लिहितो, ते छापून येतं, तिथून त्याची दुसऱ्या चाहत्यांशी ओळख होते आणि त्यांच्याच हौशी अंकांत तो गोष्टी लिहू लागतो. तो आपल्यातलाच आहे.

दुसऱ्यांनी आपली पात्रं घेऊन लिहिलेलं मार्टिनना आवडत नाही. लिहायचं तर स्वतःचं जग उभं करा, असं ते सांगत आले आहेत. आमच्या बंगळुरूच्या मुलीनं ते मनावर घेतलं. घाटमाथ्यावरच्या दोन काल्पनिक घराण्यांची कादंबरी ती मराठीत लिहिते आहे आणि एकेक प्रकरण ग्रुपवर टाकते. तिसरं परवा आलं. काकांनी लगेच दाखवून दिलं, की पहिल्या प्रकरणात अमावास्या सांगितली आहे आणि चारच दिवसांनी पौर्णिमेचं चांदणं पडलंय. तिनं लिहिलं, “काका, रविवारपर्यंत थांबा, दुरुस्त करून चौथं पाठवते.”