पाळण्यापासून काठीपर्यंत

मराठीत माणसाच्या वयासाठी किती शब्द आहेत, पाहा. आईच्या दुधावर असते ते तान्हे मूल. ते गुडघ्यांवर चालू लागले, की रांगते झाले असे आपण म्हणतो. बोलू लागले, की त्याचे बोल बोबडे. पुढे मुलाला मिसरूड फुटते, मुलगी वयात येते. मग माणूस कर्ता होतो, संसाराला लागतो. केस पिकतात, उतारवय येते आणि हातात काठी येते. तुमच्या घरी बचपन, लडकपन, जवानी, बुढापा हे शब्द तुम्ही ऐकताच. भाषा वेगळी, पण पायऱ्या त्याच. जन्मापासून अखेरपर्यंत माणसाच्या शरीरात, बुद्धीत आणि मनात जे बदल होतात, त्यांचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला विकासाचे मानसशास्त्र म्हणतात.

आपल्याकडे वयाबद्दल दोन म्हणी फार चालतात. एक, 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात'. दुसरी, 'साठी बुद्धी नाठी'. पहिली सांगते, की माणूस पुढे कसा निघणार हे जन्मतःच ठरते. दुसरी सांगते, की साठ वर्षे झाली आणि अक्कल पळाली. म्हणी ऐकायला छान आहेत; पण त्यांच्या भरवशावर घरोघर निर्णयही होतात. 'हिला गणित येणारच नाही, लहानपणापासून मठ्ठ आहे', 'दादीला काय विचारायचे, तिचे वय झाले', असे आपण सहज बोलून जातो. म्हणून या म्हणी एकदा तपासून पाहू.

पाळण्याची गोष्ट पाळण्याच्याही आधी सुरू होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांचे वजन होते 3.5 किलो. आपली बाळे हडकुळी दिसत होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. ज्या स्त्रियांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे वजनाने बरी भरली, असेही दिसून आले. याच मुलांची पुढे अनेक वर्षे पुन्हापुन्हा तपासणी झाली. एकाच माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणे ही या शास्त्राची खास पद्धत आहे. मेहनतीची आहे, पण तिच्याशिवाय खरे कळत नाही. सांगायचे काय, तर पाळण्यात जे पाय दिसतात, त्यांत आईच्या ताटातील भाजीचाही वाटा असतो. नशिबावर सगळे ढकलून चालणार नाही.

आता वाढ आणि विकास यांतील फरक समजून घेऊ. उंची व वजन वाढणे ही वाढ. ती फूटपट्टीने आणि काट्यावर मोजता येते. विचार करणे, बोलणे, राग आवरणे हे जमू लागणे म्हणजे विकास. तो मोजायला युक्ती लागते. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी अशा अनेक युक्त्या शोधल्या. त्यांतली एक तुम्ही घरीच करून पाहा. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. चारपाच वर्षांच्या धाकट्या भावंडाला विचारा, पाणी सारखे आहे ना? ते 'हो' म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता आणि पुन्हा विचारा. बहुतेक लहान मुले उंच पेल्याकडे बोट दाखवून म्हणतात, यात जास्त आहे! सातआठ वर्षांचे मूल मात्र हसून सांगते, पाणी तेवढेच आहे. धाकट्याला रागावू नका. तो चुकत नाही, त्या वयात जग तसेच दिसते. दुकानदार उंच बाटल्या का ठेवतात, हेही यावरून लक्षात येईल.

पण सातव्या वर्षी सगळ्यांना सगळे जमते, असेही नाही. कोणी लवकर चालते, कोणी उशिरा बोलते. आठवीच्या वर्गात एक मुलगा शिक्षकांच्या खांद्याला लागतो आणि त्याच्या शेजारचा पहिल्या बाकावरून दिसत नाही. दोघे एकाच वर्षी जन्मलेले असतात. यावरून आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट आठवते. सुमारे 1875 साली कोकणातल्या मुरूड गावचा एक विद्यार्थी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी आला. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागत. त्याची झाली होती. पण अंगकाठी लहान, चेहरा कोवळा. तो सतरा वर्षांचा आहे यावर परीक्षकांचा विश्वास बसला नाही. परीक्षेला न बसताच त्याला परतावे लागले. पुढे तो परीक्षा उत्तीर्ण झाला, मुंबईत कॉलेजात शिकला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. हेच महर्षी धोंडो केशव कर्वे. शरीराचे वय आणि बुद्धीचे वय एका तालावर चालत नाही, हे साताऱ्याच्या त्या परीक्षकांना ठाऊक नव्हते. आजही ते पुष्कळांना ठाऊक नसते.

तेरा ते एकोणीस हा काळ, म्हणजे तुमचा काळ. त्याला किशोरावस्था किंवा कुमारवय म्हणतात. शरीर झपाट्याने बदलते, आवाज फुटतो, मित्रांचे म्हणणे आईबापांच्या म्हणण्यापेक्षा पटू लागते. धोका ओळखून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीनंतरही काही वर्षे तयार होत असतो. जर्मनीत जन्मलेले आणि 1933 मध्ये अमेरिकेत गेलेले एरिक एरिक्सन यांनी 1950 च्या आपल्या पुस्तकात आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. गांधीजींवरही त्यांनी एक मोठे पुस्तक लिहिले. त्यांच्या मते या वयाचा मुख्य प्रश्न एकच, 'मी कोण?' लोणंदच्या मुलाला हा प्रश्न जरा जास्तच पडतो. घरी तो उर्दू बोलतो, कांद्याच्या बाजारात आणि एसटीत मराठी, शाळेत दोन्ही. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी गावात मुक्कामाला असते, तेव्हा तोही गर्दीत उभा असतो. मग तो कोण? एरिक्सन म्हणतील, घाई करू नका, हे सगळे तुकडे जोडायलाच ही वर्षे आहेत. मला वाटते, ज्याच्याजवळ दोन भाषा आहेत, त्याला जोडायला वेळ अधिक लागतो, पण सामानही अधिक मिळते.

मात्र ही वर्षे सर्वांना मिळाली आहेत, असे नाही. लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नायगावी 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. 1840 मध्ये, नऊ वर्षांच्या असताना त्यांचे लग्न झाले. त्या काळी मुलगी बालपणातून एकदम संसारात जाई. मधली पायरीच नव्हती. सावित्रीबाई लग्नानंतर अक्षरे शिकल्या आणि 1848 मध्ये, सतराव्या वर्षी पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. म्हणजे आयुष्याच्या पायऱ्या केवळ निसर्ग बांधत नाही. काही समाज बांधतो, काही तोडतो. दहावीच्या आधी शाळा सोडणाऱ्या मुलीची कोणती पायरी जाते, याचा विचार तुम्हीच करा.

आता दुसरी म्हण. उतारवयात काही गोष्टी खरोखर मंदावतात. नवे नाव चटकन आठवत नाही, हिशेबाला वेळ लागतो. पण शब्दसंपत्ती आणि आयुष्यभराचे ज्ञान पुष्कळ काळ टिकते. सारखे विसरणे, घरचा रस्ता न सापडणे हा स्मृतिभ्रंशाचा आजार असू शकतो. तो नुसत्या वयाचा परिणाम नव्हे, त्यासाठी डॉक्टरांकडे जावे.

आणि साठीचे म्हणाल, तर साताऱ्याहून परत पाठवलेल्या त्या मुलाने 1916 मध्ये भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्याचे वय अठ्ठावन्न होते. 1929 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी कर्वे परदेशच्या प्रवासाला निघाले. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी आणखी एक संस्था काढली. 1958 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्या वर्षी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

शब्दार्थ : मिसरूड – ओठावरची कोवळी लव, अंगकाठी – शरीराची ठेवण, मागोवा घेणे – माग काढणे, उतारवय – बुढापा.

स्वाध्याय :
1. पेल्यांचा प्रयोग तीन वेगवेगळ्या वयांच्या मुलांबरोबर करा आणि त्यांची उत्तरे मराठीत लिहा.
2. परीक्षकांनी कर्वे यांना परत का पाठवले?
3. घरातील सर्वांत वडील व्यक्तीला विचारा : पन्नाशीनंतर तुम्ही कोणती नवी गोष्ट शिकलात?